विळा पाजवतात, पाजळत नाहीत

प्रश्न शिरपूरकडच्या एका वाचकाचा आहे. त्यांची आजी अहिराणीत 'इळाले पानी पाज' म्हणायची, शहरात सगळे 'धार लावून आणली' म्हणतात आणि पेपरात 'शस्त्रं पाजळून' असं छापून येतं, तर हे तिन्ही एकच का आणि शुद्ध कुठलं? शिवाय 'पाणीदार माणूस' यातलं पाणी कुठलं, हेही त्यांना हवंय.

एकच नाही हो. पाजळणे आधी निकालात काढू. ते प्रज्वलनाच्या घरातलं, दिवा पाजळतात, झालंच तर अक्कल पाजळतात. शस्त्र झळकवणे या अर्थानेही ते चालतं, तिथवर ठीक. पण परवा एका बातमीत 'पावसाच्या तोंडावर शेतकरी विळे-कुऱ्हाडी पाजळण्यात मग्न' असं वाचलं आणि डोकंच फिरलं, म्हणजे काय शेतकरी विळ्याला काडी लावतोय? त्याच बातमीत पुढे 'लोखंड वितळवून विळा बनवणारे कारागीर'. अरे बाबा, लोखंड वितळायला पंधराशे अंशांच्या वर जावं लागतं, आणि वितळलंच तर ठोकणार काय? कारागीर ते तापवतो, वितळवत नाही. आणि 'धार लावणे' म्हणजे दगडावर किंवा कानशीने कड घासणे, बस, त्यात बोलण्यासारखं काही नाही.

आता पाजवणे. हा शब्द मला फार आवडतो कारण यात लोखंडाला चक्क तहान लागलेली आहे. पिणे, त्याचं पाजणे, त्याचं पाजवणे, इतकं सरळ आहे ते. लालभडक तापवलेलं हत्यार पाण्यात बुडवून कडक करायचं, म्हणजेच त्याला पाणी पाजायचं. आणि हे काही आपल्याच खेड्यातलं नाही, सुश्रुतसंहितेत शल्यकर्माच्या हत्यारांबद्दल नेमका हाच शब्द आहे, 'पायना'. ती तीन प्रकारची सांगितलीय, क्षाराची, पाण्याची आणि तेलाची. बाण, शल्य, हाड कापायचं तर क्षार पाजलेलं हत्यार, मांस कापायचं तर पाणी पाजलेलं, शीर उघडायची किंवा स्नायू कापायचा तर तेल पाजलेलं. उगाच केलेली वर्गवारी नाही ही. लालभडक लोखंड साध्या पाण्यात घातलं की भोवती वाफेचा पडदा धरतो आणि तो थोडा वेळ उष्णता अडवतो, पाण्यात क्षार किंवा मीठ असेल तर तो पडदा लवकर फुटतो म्हणून लोखंड आणखी झपाट्याने गार होतं, आणि तेलात ते सगळ्यात सावकाश गार होतं त्यामुळे तडे कमी जातात. म्हणजे कडकपणाच्या तीन पायऱ्या झाल्या, आणि त्या सांगायला क्रियापद एकच, पाजणे.

खरं तर लोखंड थेंबभरही पीत नाही. ७२७ अंशांच्या वर गेलं की पोलादातल्या लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलायला लागते आणि त्यातला कार्बन आत सामावून जातो. सावकाश गार केलं तर कार्बन पुन्हा वेगळा निघतो आणि पोलाद मऊ राहतं, पण एकदम बुडवलं तर कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, तो अडकतो, सगळी मांडणी ताणलेली राहते आणि पोलाद कडक पण ठिसूळ होतं. या कडक रूपाला मार्टेन्साइट म्हणतात, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुतज्ज्ञाच्या नावावरून. आणि कार्बन पुरेसा नसेल तर कितीही पाजा, उपयोग नाही, म्हणूनच घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरणारा लोहार, कमी कार्बनची बांधकामाची सळई न घेता गाडीच्या स्प्रिंगचा जुना कमानपाटा मागतो.

अमळनेरच्या रस्त्यावर पावसाळ्याच्या आधी हे लोक पाल टाकतात तेव्हा जरा थांबून बघा. बाई उभी राहून घण घालते, तो सांडशीने पाटा फिरवत राहतो. शेवटी नुसती धारेची कड पाण्यात बुडवतो, चर्रर्र होतं, लगेच बाहेर काढतो आणि विटेच्या तुकड्यावर घासून चकचकीत करतो. मग बघत बसतो. पाठीकडची उरलेली उष्णता धारेकडे सरकायला लागते आणि चकचकीत भागावर रंग चालत येतात, आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हव्या त्या रंगाला पुन्हा बुडवलं की काम झालं. फिकट पिवळा साधारण २२० अंशांना आणि निळा ३०० च्या आसपास, म्हणजे थर्मामीटर नसताना माणूस डोळ्यांनी तापमान वाचतोय. या दुसऱ्या खेपेत कडकपणा थोडा जातो पण चिवटपणा येतो, नाहीतर पहिल्याच बाभळीच्या गाठीवर कुऱ्हाडीचा टवका उडेल.

हे सगळं 'धार लावणे' यात कसं मावणार? उलट मशीनवर धार लावणारे बरेचदा पाजलेलं घालवूनच देतात. ठिणग्या उडाल्या की गिऱ्हाईक खूश, पण कडेवर निळा डाग आला की समजा पाणी उतरलं, 'इळानं पानी उतरी गयं', आता रोज घासत बसा.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त मराठीचे प्राध्यापक मात्र अडून बसलेत की पाजवणे हा पाजळण्याचाच अपभ्रंश, मधला ळ गळाला आणि व आला. ळ गळाला? मराठीत? आणि गळाला तर दिवा पाजळताना का नाही गळाला? बरं, मग 'विष पाजवलेला बाण' याचं काय करणार, विष पेटवलं होतं का? यावर त्यांचं उत्तर 'अपवाद'. भाषेत अडचण आली की ज्यांना अपवाद सापडतो अशांपैकी ते आहेत.

पाणीदारबद्दल तर त्यांचा आणि माझा उभा दावा आहे. ते म्हणतात हे मोत्याचं पाणी, म्हणजे तेज. माझं म्हणणं, मोत्याचं कसलं, हे तलवारीचं पाणी. मोत्याचं पाणी असतं किंवा नसतं, ते चढवता येत नाही, पोलादाला मात्र पाणी चढतंही आणि उतरतंही, आणि माणसाबद्दलही आपण नेमकं हेच बोलतो. पाणी जोखायचं तेही घाव घालूनच कळतं. फारसीतही 'आब' म्हणजे पाणी, तेज आणि पोलादाचं पाणीसुद्धा, आणि 'आब देणे' म्हणजे पोलाद पाजणे. आपण 'आब राखून वागा' म्हणतो तो हाच आब. आता दोन भाषांत पाणी, तेज आणि पोलाद असे एकाच शब्दात बसलेत, तरी मोती कुरवाळत बसायचं असेल तर बसा.

खरं पाणी पितं ते लाकूड. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कुऱ्हाडीचा दांडा डुगडुगतो, गाडीच्या चाकाचे आरे खडखडतात, चाकाभोवती तापवून घट्ट चढवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे धावसुद्धा सैल होते, कारण सुकलेलं लाकूड आकसतं. मग चाक पाण्यात टाकून ठेवायचं. लाकूड फुगतं ते रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून आरा लांब न होता खाचेत घट्ट बसतो. पण ते वाळलं की पुन्हा जैसे थे, पोलादाला पाजलेलं मात्र भट्टीत किंवा मशीनवर तापेपर्यंत टिकतं.

तर शिरपूरकरांनी आजीचंच बोलणं चालू ठेवावं. दगडावर घासून आणला तर धार लावली म्हणा, भट्टीतून आणला तर पाजवला म्हणा. आणि मशीनवाल्याकडे गेलात तर त्याला मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा, ऐकणार नाही तो, पण सांगा.