महासागर ओलांडला, आता बोट विकायची का?

अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटाच्या रॉडनी बेमध्ये पोचलेलं एक जोडपं नांगर टाकल्याच्या चौथ्या दिवशी सल्ल्यासाठी आमच्याकडे व्हिडिओ कॉलवर आलं. मूळचे पुण्याचे, आता इंग्लंडमध्ये. ३८ फुटी शिडाची बोट, कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासपासून सुमारे २७०० सागरी मैल, २३ दिवस, बोटीवर दोघंच. ते म्हणाले, "दलालाला फोन झालाय. विकायचीच." त्या म्हणाल्या, "मला न विचारता?"

लांबच्या सफरीनंतर हा प्रश्न पुष्कळांना पडतो. आमचं पहिलं सांगणं ठरलेलं: तीन आठवडे कशावरही सही नको. तीन-तीन तासांच्या तुकड्यांत झोपलेल्या माणसाची झोप दोन रात्रींत भरून निघत नाही. चिडचिड, उगाच येणारं रडू, ‘आता पुढे काय’चा रितेपणा हे सगळं त्यातून येतं. शिवाय वर्षानुवर्षं जपलेलं स्वप्न संपलेलं असतं.

मग लॉगबुक उघडायला लावलं. नवव्या दिवसापर्यंत नोंदी नेटक्या: वारा, दिशा, बॅरोमीटर. दहाव्या दिवशी ऑटोपायलट, म्हणजे सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र, बंद पडला आणि सुकाणू हाती आलं, दोन-दोन तास आळीपाळीने. सोळाव्या दिवशी पहाटे तीनला फक्त ‘वारा २५’, आणि पेन ओळीवरून खाली घसरलेलं. विचारलं, "ऑटोपायलट चालू असता तर दलालाला फोन केला असतात?" ते त्या पानाकडेच बघत राहिले.

पुढच्या भेटीआधी दोघांनी वेगवेगळं लिहून आणलं: पुन्हा काय हवं, काय कधीच नको. दोघांच्याही ‘नको’मध्ये दोघांनीच महासागर ओलांडणं होतं, बोट कुणाच्याच ‘नको’मध्ये नव्हती. बाईंनी शेवटी लिहिलं होतं, ‘पॅसिफिक नको, पण यांना कसं सांगू?’ ते वाचून साहेब गप्प झाले. जगप्रदक्षिणा करणार असं ते सगळ्या गोतावळ्याला सांगून बसले होते. बोट राहिली तर ती पुरी करावीच लागेल, म्हणून बोटच काढून टाकायची घाई.

व्यवहाराची बाजूही मांडली. विक्रीआधी गिऱ्हाइकाचा सर्व्हेयर बोट पाण्याबाहेर काढून तपासतो. डोलकाठीच्या तारा दहा वर्षांपुढच्या असल्या, सुकाणूच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असली, ऑटोपायलट बंद असला, की प्रत्येकाचे पैसे किमतीतून वजा होतात. दलाली साधारण १० टक्के. व्हॅट हा कर भरल्याचा कागद नसेल तर युरोपातलं गिऱ्हाईक बिचकतं. आणि जूनपासून हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा मोसम, त्यामुळे मे महिन्यात विकणाऱ्याची अडचण समोरच्याला आयतीच कळते.

तीन आठवड्यांनी ठरलं ते असं: एप्रिलअखेरपर्यंत बेटांमधून दिवसाउजेडीच फिरायचं, रात्री नांगर टाकून झोपायचं. मग ग्रेनाडात बोट जमिनीवर घ्यायची. ते बेट दक्षिणेला, वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून जरा दूर असलं तरी २००४च्या आयव्हन हरिकेनने त्यालाही झोडपलं होतं, म्हणून जमिनीत पक्क्या केलेल्या कड्यांना बोट पट्ट्यांनी आवळायची, शिडं उतरवून आत ठेवायची. विमा कंपनीची लेखी संमती आधी. ऑटोपायलट दुरुस्त करायचा. विजेशिवाय, वाऱ्याच्या जोरावर सुकाणू सांभाळणाऱ्या विंडव्हेनची किंमत काढायची, पण विकत घ्यायची नाही.

विकायची की ठेवायची हे ऑक्टोबरमध्ये. पॅसिफिक मात्र रद्द, आणि ते गोतावळ्याला साहेबांनीच फोन करून सांगितलं.