हायस्कूल फुटबॉल कोच कॉलेजकडे गेला नाही, म्हणजे त्याचं करिअर अडकलं का?

तुम्ही विचारलंय, अमेरिकेतला एखादा हायस्कूल फुटबॉल कोच वर्षानुवर्षं जिंकत असूनही कॉलेजात किंवा एनएफएलमध्ये (तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये) का जात नाही, तो अडकलाय का? (फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेटवालं, अमेरिकन.)

माझा मुलगा चार वर्षं शाळेच्या संघात होता. त्यातली तीन बाकावरच गेली, त्यामुळे मला खेळापेक्षा कोचकडे बघायला वेळ जास्त मिळाला. हा माणूस दिवसा इतिहास शिकवायचा. बहुतेक ठिकाणी असंच असतं: आधी शिक्षक, मग कोच. कोचिंगचे पैसे पगारावर वेगळे मिळतात, पण तासांचा हिशोब मांडला तर हसू येतं. शुक्रवारी रात्री सामना, शनिवारी सकाळी त्याचाच व्हिडिओ, हिवाळ्यात वेटरूम, उन्हाळ्यातही सराव. टेक्सासच्या मोठ्या शाळांची गोष्ट निराळी, तिथे मुख्य कोच बरेचदा क्रीडाविभागही सांभाळतो आणि पगारही तसाच घेतो.

आता 'अडकण्या'बद्दल. साउथ कॅरोलिनातल्या समरव्हिल हायस्कूलचे जॉन मॅकिसिक 1952 ते 2014 एकाच शाळेत कोच होते. 621 विजय! कॅलिफोर्नियात कॉनकॉर्डच्या डे ला साल शाळेत बॉब लाडूसर 1979 मध्ये आले, तेव्हा हा संघ हरण्यासाठीच ओळखला जायचा. पुढे 1992 ते 2004 मध्ये याच संघाने सलग 151 सामने जिंकले. लाडूसर धर्माचा विषय शिकवायचे. प्रत्येक खेळाडू आठवड्याचं आपलं उद्दिष्ट कार्डावर लिहून ते एका सोबत्याच्या हाती द्यायचा, ही तिथली प्रथा मला त्या 151 पेक्षा जास्त आवडते. खासगी शाळा आहे, मुलं लांबून येतात, अशी कुरकुर होत राहिली. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

वर गेलेल्यांचंही बघा. सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलचे जेरी फॉस्ट 174 जिंकले, 17 हरले, 2 बरोबरीत. 1981 मध्ये थेट नोत्र दाम विद्यापीठाचे मुख्य कोच झाले. पाच हंगामांत 30 विजय, 26 पराभव, एक बरोबरी, आणि राजीनामा. माणूस तोच होता, काम बदललं होतं. सरकारी शाळेत कोचला त्या भागात राहणारी मुलं मिळतात, त्यांनाच घडवायचं. कॉलेजात खेळाडू देशभर फिरून पटवून आणावे लागतात, आणि ज्याला ते जमत नाही त्याचं बाकी कौशल्य फारसं कामाला येत नाही.

उलट उदाहरण गस माल्झान यांचं. आर्कान्सातल्या शाळांमधून 2006 मध्ये ते कॉलेजात गेले, पण आक्रमणाचे समन्वयक म्हणून, म्हणजे मुख्य कोचच्या हाताखाली, एक पायरी खालून. 2013 मध्ये ऑबर्न विद्यापीठाचे मुख्य कोच झाले आणि पहिल्याच हंगामात राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचले.

म्हणून प्रश्न स्वतःसाठी विचारत असाल तर आधी ठरवा: कॉलेजच हवं असेल तर पदवीनंतर एखाद्या विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट (पुढचं शिक्षण घेत काम करणारा कनिष्ठ सहायक कोच) म्हणून शिरा, शाळेच्या वाटेने वळसा पडतो. शाळा हवी असेल तर शिक्षकाचं लायसन्स काढा, आणि पहिली काही वर्षं नववीच्या संघाला मदत करण्याची तयारी ठेवा.