हेड बदला, पण इंजिनाला पहिलवान करू नका

प्रश्न: कळंबोलीच्या लोखंड बाजारातून भिवंडीला माल टाकतो. २०१२ चा दहा चाकी, इंजिन कमिन्सचं ५.९ लिटरचं. हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, चीर गेली. नवीन साधं हेड मशीनिंग-मजुरीसकट ५८,०००, चार दिवसांत गाडी रस्त्यावर. मिस्त्री म्हणतो, त्यापेक्षा भंगारातलं हेड आणू, पोर्ट (हवा-धुराच्या वाटा) घासू, मोठे व्हॉल्व्ह बसवू, डिझेल पंपाचा मारा वाढवू. ९५,००० आणि सोळा दिवस. लिटरला चार किलोमीटरचा ॲव्हरेज पाचवर जाईल म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ४.६ मिळायचा. महिन्याला ३,००० किलोमीटर चालतो. गाडी अजून दोन वर्षं ठेवायची आहे. एफडी दोन लाखांची आहे, ती मोडण्यापेक्षा बायकोच्या पाटल्या गहाण ठेवू का?

उत्तर: पाटल्या कपाटातच राहू द्या. हेड साधंच बसवा.

मिस्त्रीचा हिशोब वरवर बरोबर आहे. चारने ७५० लिटर लागतं, पाचने ६००. वाचलेले १५० लिटर, डिझेल ९० रुपये धरलं तर १३,५०० रुपये. सात महिन्यांत ९५,००० वसूल. पण त्याने तुलना केली ती आजारी इंजिनाशी! साध्या हेडनेही व्हॉल्व्ह नीट बसतील आणि डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले तर तुमचा जुना ४.६ परत मिळायला हरकत नाही. तेव्हा लागेल ६५२ लिटर. म्हणजे मिस्त्रीचा शब्द शंभर टक्के खरा निघाला तरी जादा बचत ५२ लिटरची, साधारण ४,७०० रुपये.

आता जादा खर्च. हेडचे ३७,००० तर दिसतातच. न दिसणारे बारा दिवस गाडी उभी राहील त्याचे. डिझेल, ड्रायव्हर वजा जाता दिवसाला ३,००० सुटत असतील, तर ३६,००० तिथे गेले. एकूण ७३,०००. वसुलीला साडेपंधरा महिने, आणि फायदा निम्माच झाला तर एकतीस. तुम्ही तर दोन वर्षांत गाडी काढणार. घेणारा टायर आणि फिटनेस बघतो, घासलेल्या पोर्टचे पैसे कोणी देत नाही.

शिवाय पोर्ट मोकळे केल्याचा गुण दिसतो तो इंजिन चढ्या आरपीएमला फिरताना. तुमचा ट्रक शिळफाट्यापासून मुंब्रा बायपासपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकतो, वर ठाण्यात अवजड गाड्यांच्या बंदीच्या वेळा. फेऱ्या अडतात त्या रांगेत, ताकदीपायी नाही. पंप वाढवला की डिझेल जास्त जळणार, धूर पीयूसीला अडणार आणि हेड पुन्हा तापणार.

तापण्यावरून आठवलं, पहिलं हेड का गेलं ते विचारलंत का? या इंजिनाला सहाही सिलिंडरवर एकच अखंड हेड असतं. व्हॉल्व्ह टेकतो त्या एका सीटजवळ चीर गेली तरी सगळं उतरवावं लागतं. रेडिएटरचं झाकण काढून आत बोट फिरवा. पांढरा खरखरीत थर लागला तर बोअरवेलच्या पाण्याने घात केलाय. रेडिएटर साफ न करता, कूलंट न भरता नवीन हेड चढवलंत, तर ५८,००० पाण्यात, तेही खाऱ्या.

पैशांचं म्हणाल तर एफडी मोडू नका, तिच्यावरच कर्ज घ्या. व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं. सत्तर हजार उचला. हेड सोडून उरलेले रेडिएटर आणि कूलंटला. दहा महिन्यांत, महिन्याला साताठ हजार टाकून मोकळे व्हा. कर वाचेल या आशेने मात्र खर्च वाढवू नका. तुम्ही ट्रकच्या टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न गृहीत धरून रिटर्न भरत असाल, तर दुरुस्तीची वेगळी वजावट मिळत नाही.

हेड आणाल ते हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने गळतीची तपासणी) करूनच आणि जुनं हेड मिस्त्रीकडे सोडून येऊ नका, भंगारातही त्याचं वजन आहे.