जुन्या कन्व्हर्टिबलसाठी स्वस्तात वॉटरप्रूफ कव्हर घरी कसं करावं?

गाडी उघड्यावर उभी असते, मापाचं कव्हर परवडत नाही, तर ताडपत्री चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण ती गाडीला टेकू देऊ नका.

हे मी नुकसान करून शिकलो. माझ्या १९७१च्या एमजीबीला, म्हणजे उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, पहिल्या वर्षी ताडपत्री अशी आवळून बांधली की वाराही शिरू नये. शिरला नाहीच! दीड महिन्याने सोडली तेव्हा पावसाचा थेंब आत न जाताही सीटवर बुरशी होती आणि बॉनेटवर प्लास्टिक टेकलं होतं तिथे पांढुरके डाग. जमिनीतून उठणारा ओलावा रात्री थंड ताडपत्रीला आतून धरतो आणि गाडीवरच ठिबकतो. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावर. सिल, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, गंजले तर नुसत्या रंगकामावर भागत नाही.

म्हणून आता गाडीवर मांडवच घालतो. अर्धा इंची पीव्हीसी पाइप वाकवून तीन कमानी करायच्या, टोकं वाळू भरलेल्या बादल्यांत रोवायची, आणि माथ्यावरून एक आडवा पाइप बांधायचा. मधली कमान जरा उंच ठेवा, नाहीतर ताडपत्रीत पाण्याचं तळं साचतं. बाजू चाकाच्या निम्म्यापर्यंतच सोडा, पुढून-मागून मोकळं. दोन तुकडे जोडायचे असतील तर शिवू नका, सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं. कौलांसारखा वरचा खालच्यावर हातभर चढवा. दोऱ्या बंपरला नकोत, बादल्यांनाच बांधा. सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडून रंगावर घासली, तर मधली धूळ सँडपेपरचं काम करते. वादळात मात्र हा मांडव टिकणार नाही. अंदाज दिसला की उतरवून ठेवा.

सॉफ्ट टॉप, म्हणजे घडी होणारा कापडी टप, चढवलेलाच असू द्या. ओला असताना तर घडी करूच नका. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर तिच्यावर मऊ फ्लॅनेल टाका, ते ओलं झालं की लगेच काढा. दारांच्या खालची पाणी जायची भोकं पानांनी तुंबतात, ती तारेने मोकळी करा.

आणि गाडी धुतल्याधुतल्या झाकू नका. आधी एक चक्कर मारून आणा, ब्रेक वाळू देत.