शेवट मीच ठरवणार

"अजून किती वर्षं खेळता येईल?" व्यावसायिक रग्बी खेळाडूंच्या तोंडून हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता तो आला की मी उत्तराच्या मागे लागत नाही. उत्तर शरीराकडे असतं, क्लबच्या तिजोरीकडे असतं, प्रशिक्षकाच्या मर्जीवर असतं, आणि हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला टोचत असतं ते वेगळंच. ते बाहेर यायला वेळ लागतो.

पुढची गोष्ट एका माणसाची नाही. दोघा-तिघांच्या गोष्टी एकत्र करून, ओळख पटेल असं सगळं काढून टाकून ती सांगते आहे.

तो प्रॉप होता, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला कडेचा खेळाडू. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत अडकून चेंडूसाठी समोरासमोर जोर लावतात तो. तीन नंबरची जर्सी, म्हणजे स्क्रमची उजवी बाजू. या जागेवरच्या माणसाच्या दोन्ही खांद्यांवर समोरून जोर येतो, एकीकडून समोरच्या संघाच्या प्रॉपचा, दुसरीकडून त्यांच्या हूकरचा, म्हणजे रांगेतल्या मधल्या खेळाडूचा. वय ३१. करार हंगामाअखेर संपणार होता. मानेपासून उजव्या हातात करंट लागल्यासारख्या मुंग्या येत होत्या आणि क्लबच्या डॉक्टरांना त्याने हे सांगितलं नव्हतं.

"सांगितलं तर काय होईल?"

"तपासण्या सुरू होतील. कराराचं बोलणं थांबेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर निदान कधी थांबायचं ते मी ठरवीन. मला कोणी काढलेलं नको आहे."

सगळ्यांना रिची मॅकॉसारखा शेवट हवा असतो. न्यूझीलंडचा हा कर्णधार १४८ कसोटी सामने खेळला, २०१५चा विश्वचषक उंचावला, पुढच्याच महिन्यात निवृत्ती जाहीर केली आणि पुढे हेलिकॉप्टर चालवू लागला. पण असं भाग्य फार थोड्यांचं. वेल्सच्या सॅम वॉरबर्टनने दोन दौऱ्यांत ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचं, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाचं नेतृत्व केलं होतं, तरी शरीर साथ देईना म्हणून २०१८मध्ये, २९व्या वर्षी तो थांबला. २०२२मध्ये वूस्टर वॉरियर्स आणि वॉस्प्स हे इंग्लंडमधले दोन क्लब आर्थिक डबघाईमुळे कोलमडले, तेव्हा धडधाकट खेळाडूही भर हंगामात बेकार झाले. त्यांच्या गुडघ्याचा किंवा फॉर्मचा त्यात काहीच दोष नव्हता.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारात घडलेली समुपदेशक आहे. माणूस अडलेला दिसला की त्याने स्वतःला कुठली अट घातली आहे, ते मी शोधते. शेवट आपल्या मनासारखा व्हावा असं कोणालाही वाटेल, आणि तसा झाला नाही तर वाईटही वाटेल. पण तसा झाला नाही तर सगळी कारकीर्द फुकट गेली, हा हट्ट. तोच माणसाला डॉक्टरांपासून मुंग्या लपवायला लावतो.

हे त्याला व्याख्यान देऊन पटलं नसतं. ज्याने उभं आयुष्य समोरून येणारा जोर थोपवण्यात घालवलं, त्याला जोर लावून हलवता येत नाही. म्हणून एकदा मी मागे गेले.

"पहिला मोठा सामना कसा मिळाला?"

त्याचा चेहरा उजळला. "आमच्या सीनियर प्रॉपचा गुडघा गेला, सामन्याच्या आदल्या दिवशी, सरावात. दुसऱ्या दिवशी मी मैदानात."

"म्हणजे दुसऱ्याच्या दुखापतीमुळे."

"हो, पण खेळलो मी! जागा टिकवली ती मीच."

"मान्य. पण ती जागा कधी रिकामी व्हायची, हे तुम्ही ठरवलं नव्हतं."

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानेच उदाहरण काढलं. "स्टीफन डोनाल्डसारखं." २०११च्या विश्वचषकात न्यूझीलंडचा डॅन कार्टर जखमी झाला, मग त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड. मूळ संघात नसलेल्या डोनाल्डला बोलावणं गेलं तेव्हा तो मासेमारी करत होता. अंतिम सामन्यात पहिल्या सत्रातच ॲरन क्रुडनचा गुडघा दुखावला, डोनाल्ड उतरला, त्याने एक पेनल्टी मारली आणि न्यूझीलंडने फ्रान्सला ८-७ असं हरवलं.

"डोनाल्डचा विश्वचषक खोटा?"

"छे!"

"आणि कार्टर? त्याची कारकीर्द वाया गेली?"

"काहीतरीच काय! कार्टर तो कार्टर."

"मग सुरुवात दुसऱ्याच्या गुडघ्यामुळे झाली तर ती तुमची कमाई, आणि शेवट तुमच्या मानेमुळे झाला तर ते तुमचं अपयश. हा हिशेब कुठला?"

हा प्रश्न त्या क्षणी सुचला याचं मला आजही समाधान आहे. त्याने उत्तर दिलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "त्या सीनियरला मी नंतर कधी फोनच केला नाही. वाटायचं, त्याला लाज वाटत असेल."

त्याची भीती नेमकी कशाची होती, ते मला तिथे दिसलं. गुडघा गेलेल्या माणसाला त्याने मनातल्या मनात अपराधी ठरवून टाकलं होतं आणि आता त्याच पिंजऱ्यात स्वतः उभा राहायला तो घाबरत होता. किती वर्षं खेळणार हा प्रश्न वरवरचा. खेळत नसेन त्या दिवशी ही माणसं माझ्याकडे बघतील का, हा आतला.

पुढच्या भेटीत तो फोन करूनच आला. सीनियरने बोलता बोलता विचारलं होतं, "तुझी मान कशी आहे? टीव्हीवर तुझा उजवा खांदा पडलेला दिसतो." डॉक्टरांपासून लपवलेली गोष्ट त्याच जागेवर खेळून गेलेल्या माणसाला घरबसल्या दिसली होती.

त्याच आठवड्यात तो तपासणीला गेला. काही आठवडे बाहेर बसला, कराराची रक्कम कमी झाली, क्लब बदलला. गोष्ट म्हणून यात फारसं काही नाही.

बाकीच्यांना मी जे सांगते ते आता थोडं रोखठोक सांगते. खेळ थांबल्यावर काय, ही चिंता या खेळात तशी नवीच आहे. १९९५पर्यंत रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा पंधरा-पंधरा खेळाडूंचा हा प्रकार, अधिकृतपणे हौशी होता. वेल्सचे जेपीआर विल्यम्स खेळत असतानाच डॉक्टर झाले आणि पुढे अस्थिशल्यचिकित्सक. ऑगस्ट १९९५मध्ये खेळ व्यावसायिक झाला, पैसा आला आणि दुसरा धंदा हातातून सुटला. पण तो सुटलाच पाहिजे असं नाही. जेमी रॉबर्ट्सने वेल्सकडून खेळता खेळता २०१३मध्ये वैद्यकीय पदवी पुरी केली. प्रत्येकाला ते झेपणार नाही, मान्य. पण आठवड्यातली एक मोकळी दुपार बहुतेकांना काढता येते. ती शिकण्याला द्या, आणि शक्यतो रग्बीबाहेरचं काही शिका. प्रशिक्षकाच्या जागा मोजक्या असतात आणि निवृत्त होणारा जो तो त्याच रांगेत उभा असतो.

लांबलेल्या दुखापतीबद्दल करारात काय लिहिलं आहे ते सही करण्यापूर्वी वाचा, एजंटवर सोडू नका. आणि डोक्याला बसलेला मार तर कधीच लपवू नका. २००३चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला हूकर स्टीव्ह थॉम्पसन याला ऐन चाळिशीत स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो विश्वचषक जिंकल्याचं आपल्याला आठवत नाही, असं त्याने २०२०मध्ये जाहीरपणे सांगितलं.

घरची माणसं मला विचारतात, हा विषय काढावा की नाही? जरूर काढा, फक्त सामन्याच्या दुसऱ्या दिवशी नको. त्या दिवशी अंग ठणकत असतं आणि प्रत्येक प्रश्न संघातून वगळल्यासारखा लागतो. आठवड्याच्या मध्यावर, सराव हलका असेल तेव्हा काढा. आणि 'पुढे काय करणार?' असं विचारण्यापेक्षा त्याच्या आधी थांबलेल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याचं नाव घेऊन 'तो सध्या काय करतो?' एवढंच विचारा.