इसार देण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

दिवाणी न्यायाधीश म्हणून तुझी निवड झाल्याचं वाचून डोळे भरून आले. पण त्याच पत्रात लिहिलंयस, मित्रांबरोबर रिंगरोडलगत जमीन घेतोयस, आणि तुझा वाटा कर्ज काढून. तेव्हापासून मला जेम्स विल्सन आठवतोय.

१७४२ साली स्कॉटलंडच्या फाइफ भागात जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणी फिलाडेल्फियाला आला, वकील झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि राज्यघटनेवर, दोन्हींवर सह्या असलेले सहाच जण. त्यांतला हा एक. घटना परिषदेच्या शेवटच्या दिवशी ८१ वर्षांच्या फ्रँकलिन यांचं भाषण वाचून दाखवलं ते जाड भिंगांच्या चष्म्याच्या विल्सननंच. देशद्रोही ठरवलेल्या लोकांची वकिली केली, म्हणून १७७९मध्ये जमाव त्याच्या घरावर चालून आला, गोळीबार झाला. तरी तो बधला नाही.

१७८९मध्ये वॉशिंग्टन यांनी त्याला पहिल्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. 'चिझम विरुद्ध जॉर्जिया' हा १७९३चा त्याचा निकाल तू जरूर वाच. सत्ता मुळात लोकांची, म्हणून साधा माणूसही राज्याला कोर्टात खेचू शकतो, असं तो ठामपणे म्हणाला. पुढे घटनादुरुस्तीनं तो निकाल पुसला गेला. मला मात्र आजही विल्सनचंच पटतं.

आणि हाच माणूस जमिनीपुढे आंधळा झाला. पश्चिमेकडच्या जमिनी घेत सुटला, एक कर्ज फेडायला दुसरं. न्यायमूर्ती झाल्यावरही थांबला नाही. १७९६-९७मध्ये बाजार कोसळला आणि सावकारांनी त्याला न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनच्या तुरुंगात घातलं. मुलानं सोडवलं. मग तो उत्तर कॅरोलिनातल्या ईडंटनला जाऊन राहिला. तिथेही पुन्हा अटक. न्यायमूर्तिपद तेव्हाही त्याच्याकडेच होतं, बघ! मलेरियानं खंगला, वर पक्षाघात. २१ ऑगस्ट १७९८ला, ५५व्या वर्षी, तिथेच गेला. ईडंटन हे न्यायमूर्ती आयर्डेल यांचं गाव. चिझम खटल्यात विल्सनच्या विरोधात एकटे उभे राहिले ते हेच. त्यांच्याच मेहुण्याच्या मळ्यात विल्सनला पुरलं. फिलाडेल्फियाला त्याच्या अस्थी परत आल्या त्या १९०६मध्ये.

तुला कर्जापायी असं कोणी लगेच आत टाकणार नाही, काळ बदललाय. पण हप्ता थकला की फोन तुझ्या चेंबरमध्ये वाजणार. आणि बाळ, तुझ्यापुढे निम्मे दावे जमिनीचेच येतील. दलाल ओळखीचा, भागीदार ओळखीचे. समोरच्या म्हाताऱ्यानं जीर्ण सातबारा पुढे केला, तर तुझी नजर त्याच्या कागदावर राहील का?

इसार दिला नसशील तर थांब. दिला असेल तर रविवारी सगळे कागद घेऊन घरी ये. जेवायलाच ये, सकाळपासून बसू.

तुझे सर