जिनिंगच्या काट्याच्या फाईली आणि पुण्याचा क्लास

प्रश्न: मी चोपड्याला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पप्पा जिनिंगमध्ये काट्यावर बसतात. काट्याच्या रोजच्या सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) फाईली एकत्र करून गाववार किती कापूस आला हे काढायला त्यांना रात्र रात्र जागावं लागतं. सर म्हणतात, ऑक (awk) ही मजकुराच्या फाईली हाताळायची छोटी प्रोग्रामिंग भाषा शीक. मैत्रिणी म्हणतात, ते जुनं झालं, पुण्याला डेटा सायन्सचा क्लास लाव. काय करू?

उत्तर: क्लासचे पैसे सध्या राहू दे, सरांचं ऐक. ऑक १९७७ साली बेल लॅब्जमध्ये तयार झालं हे खरं, पण आजही जवळपास प्रत्येक लिनक्स मशीनवर ते असतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकलंस की तुझ्याकडेही येईल, फुकट.

ऑक फाईल एकेक ओळ वाचतं, सांगशील त्या चिन्हावर ती तोडतं आणि रकान्यांना क्रमांक देतं. समज, तिसऱ्यात गाव, चौथ्यात भरल्या गाडीचं वजन, पाचव्यात रिकाम्या गाडीचं. चौथ्यातून पाचवा वजा करून त्या गावाच्या नावावर मिळवत जायचं, शेवटी सगळ्या बेरजा छापायच्या. दोन-तीन ओळींत काम होतं आणि हंगामाच्या सगळ्या फाईली एकदम देता येतात. मात्र प्रत्येक फाईलीची शीर्षकाची ओळ गाळायला ऑकच्या ओळी मोजणाऱ्या दोन आकड्यांपैकी एनआर (NR) नको, एफएनआर (FNR) वापर. एनआर सगळ्या फाईलींच्या ओळी सलग मोजतो, एफएनआर दर फाईलीला एकपासून सुरू होतो.

खरं शिक्षण पुढे आहे. कुणी अडावद लिहिलं असेल, कुणी आडावद. ऑक त्यांची दोन गावं करेल. कुठे रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जड निघेल. अशा ओळी वेगळ्या काढणं सोपं आहे, पण त्यांचं काय करायचं हे पप्पांना शेजारी बसवूनच ठरेल. डेटाच्या नोकरीतलं बरंचसं काम हेच असतं, आणि क्लासमध्ये बहुतेक वेळा आधीच साफ केलेली फाईल हातात देतात. तुझ्या घरात खरा डेटा आहे आणि तो जाणणारा माणूसही. ही संधी सोडू नकोस, असं मला मनापासून वाटतं.

नुसत्या ऑकवर नोकरी मिळत नाही, हेही स्पष्ट सांगते. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पायथन ही प्रोग्रामिंग भाषा लागतीलच. पण हे काम केलेलं असेल तर पायथन कशासाठी शिकतेय हे तुला कळलेलं असेल, आणि मुलाखतीत सांगायला स्वतःचं काहीतरी असेल. दाखवण्यासाठी ते गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, टाकायचं झालं तर आधी मालकांची परवानगी घे, आणि शेतकऱ्यांची नावं, मोबाईल नंबर काढून टाक.

सुरुवात एकाच दिवसाच्या फाईलीने कर. पप्पांनी त्या दिवसाची हाताने केलेली बेरीज आणि तुझी बेरीज यांचा ताळा जुळला की मगच पूर्ण हंगाम घे.